डुकरं १२० किलोपर्यंत न्यावीत का?

प्रश्न: आमचं दौंडजवळ छोटं वराहपालन आहे, सगळी लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची डुकरं. आजवर ९० किलोला माल द्यायचो, आता पुण्याचा व्यापारी म्हणतोय १२० करून द्या, भाव तोच देतो. ठेवावीत का अजून? (एक वाचक, दौंड)

उत्तर: दादा, भाव तोच असेल तर आधी खाद्याचा हिशोब मांडा, मग त्याला हो म्हणा. वाढत्या वयात अडीच-तीन किलो खाद्यात एक किलो वजन येतं, पण ९० च्या पुढं डुक्कर चरबी धरायला लागतं आणि तेच खाद्य चार किलोच्या घरात जातं. म्हणजे ३० किलो चढवायला १२० किलो खाद्य. समजा तुम्हाला खाद्य ३० रुपये किलो पडतंय, तर ३,६०० नुसते खाण्याचे गेले, जिवंत वजनाला १५० भाव धरला तर आले ४,५००, राहिले ९००, आणि त्यातून मजुरी, औषधं, शिवाय पाच-सहा आठवडे शेड अडकून पडतं ते वेगळंच. भाव ११५ वर आला की पदरचेच जातात. इटलीत पार्मा हॅमसाठी (मीठ लावून वाळवलेली डुकराची मांडी) १६० किलोच्या आसपास नेतात, पण तिथं चरबी असलेलं मांसच हवं असतं आणि पैसेही त्याचेच मिळतात. तुमचा व्यापारी पाठीवरची चरबी बघून नंतर भाव पाडणार नाही ना, हे आत्ताच बोलून घ्या.

माझं मत विचाराल तर सरसकट ठेवू नका. खच्ची केलेले नर चरबी लवकर धरतात, ते ९०-१०० ला काढून टाका. माद्या जास्त वेळ अंगात मांस भरतात, त्यातल्या चांगल्या वाढीच्या तेवढ्या ठेवून बघा. खच्ची न केलेला नर मात्र अजिबात थांबवू नका, मोठा झाला की मांसाला वास येतो आणि गिऱ्हाईक तुटतं.

वजनकाटा नसेल तर टेप घ्या, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३. घेर १.०५ आणि लांबी १.१२ आली तर साधारण ८५ किलो. दर आठवड्याला त्याच डुकरांचं मोजा आणि खाद्य वहीत लिहा, ज्या आठवड्यात वाढलेल्या वजनाचे पैसे खाद्याच्या खर्चाखाली गेले त्या आठवड्यात विका, १२० होवो न होवो.

आणि एप्रिल-मे मध्ये हा प्रयोग नकोच. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, त्यात जड जनावराला आपल्याकडचा उन्हाळा फार लागतो, ते खाणंच कमी करतं आणि वाढ थांबते. हॉटेलचं उरलेलं अन्न घालत असाल तर चांगलं अर्धा तास उकळूनच घाला, उष्ट्यातल्या मांसातूनही पसरणारा आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग २०२० पासून आपल्या देशात आहे, त्यावर औषध नाही आणि १२० किलोपर्यंत पोसलेलं जनावर त्यात गेलं तर सगळा खर्च पाण्यात.