गावातले जुने फोटो आणि आठवणी जपून सगळ्यांपर्यंत पोचवायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी?

स्कॅनिंग थोडं थांबू द्या, आधी फोटो घेऊन गावातल्या वयस्कर माणसांपुढे बसा. कागद आणखी काही वर्षं टिकेल, पण मागच्या रांगेत डावीकडून दुसरी बाई कोण हे सांगणारं माणूस असेलच असं नाही, आणि नावांशिवाय फोटोचा अर्धा जीव जातो. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. नुसतं 'जुन्या आठवणी सांगा' म्हटलं की माणूस अडखळतो. हातातल्या फोटोत ओळखीची विहीर दिसली की मात्र थांबत नाही. नावं फोटोच्या पाठीमागे, काठाजवळ, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन अजिबात नको, दाबाचे वळ पुढून दिसतात आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. मग स्कॅनिंग: 600 डीपीआय (म्हणजे इंचामागे 600 ठिपके), मूळ फाइल टिफमध्ये (TIFF, फोटोचा दर्जा न घटवता साठवणारा फाइल प्रकार), एकूण तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मोफत ऑनलाइन चित्रसंग्रहावर) हे सगळ्यांसाठी खुलं ठेवता येतं. फक्त फोटो ज्याच्या घरात आहे त्याच्याकडेच हक्क असतात असं नाही. कॉपीराइट बऱ्याचदा फोटो काढणाऱ्याचा असतो, तेव्हा मुदत संपली आहे का, नसेल तर परवानगी मिळते का, ते आधी बघा.