ट्रकमध्ये इन्व्हर्टर डायरेक्ट बॅटरीवरून जोडलाय, वायर गरम होते, धोका आहे का?

तुम्ही लिहिलंय की 600 वॅटचा इन्व्हर्टर बसवलाय, राइस कुकर लावला की वायर गरम होते आणि बसवणारा म्हणतो काय होत नाय. होतं दादा. मी ट्रकचीच वायरिंग करतो, त्यामुळे जळालेल्या गाड्या बघितल्यात.

हिशोब साधा आहे. कुकर 500 वॅटचा धरला तर 24 व्होल्टवर 20-25 अँपियर खेचणार, आणि तुमच्या फोटोत जी वायर दिसतेय ती घरातल्या बोर्डची दीड एमएमची (म्हणजे दीड स्क्वेअर एमएम) वाटतेय, ती एवढा लोड घेत नाही. किमान 6 एमएमची ऑटो वायर टाका, लांब असेल तर 10 ची.

पण खरी भीती गरम होण्याची नाही, फ्यूज नसण्याची आहे. बॅटरीपासून केबिनपर्यंत वायर चेसीवरून जाते, केबिन उचलायच्या कब्जापाशी वाकते, तिथं दर वेळी केबिन उचलली की घासते. महिने न् महिने काही कळत नाही आणि एक दिवस तांबं चेसीला टेकतं. बॅटरी त्या क्षणी शेकड्यांनी अँपियर सोडते, मेन स्विच बंद केला तरी फरक पडत नाही कारण तुमची वायर स्विचच्या आधीच बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतलीय. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर पाहिजे, केबिनमध्ये इन्व्हर्टरजवळ नाही, तिथं लावला तर मधली सगळी वायर फ्यूजशिवायच राहिली ना. आणि फ्यूज वायरच्या ताकदीनुसार घ्यायचा, 6 एमएमला 40 अँपियरचा चालतो. मागे एक गाडी आलेली, फ्यूज सारखा उडतो म्हणून ड्रायव्हरने सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवलेली! होल्डर वितळून पार डांबरासारखा झालेला.

अजून एक, सैल जोडाला फ्यूज वाचवत नाही. करंट तेवढाच असतो पण जोड तापतो, मग टेप वितळतो. पिळून टेप मारलेला जोड असेल तर काढा, लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) क्रिंप करून म्हणजे पकडीनं दाबून बसवा. वायरवर लवचिक पाइप चढवा आणि पत्र्यातून जिथं जाते तिथं रबरी बुश घाला.

ट्रकचे 24 व्होल्ट 12-12 च्या दोन बॅटऱ्या जोडून होतात, टेपरेकॉर्डर 12 व्होल्टचा म्हणून त्यातल्या एकाच बॅटरीवरून घेतला असेल तर तेही सोडवा, ती बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन तिचं पाणी आटतं, 24 ते 12 चा कन्व्हर्टर मिळतो तो लावा.

हे होईपर्यंत कुकर लावू नका, आणि रात्री झोपताना इन्व्हर्टरची प्लसची वायर टर्मिनलवरून काढून ठेवा. नवीन वायर टाकल्यावर अर्धा तास लोड देऊन कुकर बंद करा आणि मग प्रत्येक जोडाला हात लावून बघा, चटका बसला तर तो जोड परत करा.