नाशिकमध्ये ११ वर्षांच्या मुलाला जिमला घातलं तर उंची खुंटेल का?
नाही, वजनं उचलून उंची खुंटत नाही. हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. ती दुखावते न झेपणारं वजन झटक्यात उचलल्यावर. पहिला महिना जिमही नको. गोल्फ क्लब मैदानावर जोर, बैठका आणि नुसती काठी घेऊन सराव पुरे. मग वजन एवढंच, की १०-१५ वेळा उचलूनही शेवटच्या खेपेला पाठ गोल होत नाही. झाली, तर वजन उतरवा. आठवड्यातून २-३ दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. वजन वाढवायचं ते ५-१० टक्क्यांनीच. ‘जास्तीत जास्त किती उचलतोस?’ ही पैज अजिबात नको. आणि डंबेल जागेवर ठेवायला शिकवा. लहानांना बहुतेक वेळा लागतं ते तिथंच, हातापायांवर डंबेल पडून किंवा बोटं चेंगरून.