कॅन्टीनसाठी सेंद्रिय भाजी: गाळा नको, गट शोधा

अंधेरीतल्या कॅन्टीनला आठवड्याला साठेक किलो सेंद्रिय भाजी आणि थोडी फळं हवीत, वाशी मार्केटात मिळतील का, असा तुमचा प्रश्न आहे. वाशीपासून सुरुवात करू नका. गाळ्यावर येईपर्यंत माल एकमेकांत मिसळलेला असतो, कुठला क्रेट कुणाच्या शेतातला हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे, म्हणजे थेट खरेदीला अडचण नाही. शहापूर, मुरबाड, जव्हार, जुन्नर इथल्या कृषी कार्यालयांत ‘आत्मा’च्या (शेतकऱ्यांना तंत्रज्ञान आणि गटबांधणीत मदत करणारी सरकारी यंत्रणा) माणसाला भेटा, शेतकरी गटांचा ठावठिकाणा तिथे लागतो.

गट मिळाला की सेंद्रिय असल्याचा कागद मागा: एनपीओपी (केंद्राच्या कार्यक्रमाखाली त्रयस्थ संस्थेने दिलेलं प्रमाणपत्र) किंवा पीजीएस (गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून दिलेली हमी). एनपीओपीचं स्कोप सर्टिफिकेट एका वर्षाचं असतं. व्हॉट्सॲपवर पहिलं पान येतं, तुम्ही पिकं आणि क्षेत्र लिहिलेलं जोडपत्र मागा. त्यात भेंडी नसेल तर त्यांची भेंडी सेंद्रिय म्हणून घेऊ नका, बाकी कागद कितीही खरा असो. टोमॅटो अर्धा एकर आणि पुरवठा बारमाही टनावारी, तर उरलेला माल बाहेरचा. ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे जमीन अजून रासायनिककडून सेंद्रियकडे बदलाच्या काळात आहे. पूर्ण सेंद्रियचा दर त्याला देऊ नका.

मेन्यू आधी ठरवून यादी पाठवणं ही नेहमीची चूक. ऑगस्टमध्ये डाग नसलेला फ्लॉवर मागितलात की फवारलेलाच येणार. पावसाळ्यात दोडका, काकडी, पडवळ, कारली घ्या. मुळा, वाल, वांगी थंडीत. चिकू डहाणूचा. आंबा घेताना पिकवला कशाने ते विचारा, कारण कार्बाइडला कायद्याने बंदी आहे.

शंका आली तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत कीटकनाशक अवशेषांची तपासणी करून घ्या. नमुना किलो-दोन किलोचा, उतरलेल्या क्रेटमधून तुम्ही स्वतः उचललेला. शेतकऱ्याने पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल फक्त त्या नमुन्यापुरता.

दर मात्र हंगामाचा ठरवा. रोजच्या वाशीच्या भावावर सौदा केलात तर भाव चढला की चांगला माल तिकडे जातो, आणि तुमची ऑर्डर मधला माणूस मिळेल त्या भाजीने भरतो. साठ किलोला स्वतंत्र टेम्पो परवडत नाही. त्याच रस्त्यावरची आणखी दोन-तीन गिऱ्हाईकं जोडून भाडं वाटून घ्या. पालेभाजी संध्याकाळी काढून पहाटे पोचेल असं बघा, नाहीतर मेथीची निम्मी जुडी निवडण्यातच जाते.