पणजीच्या शाळेत शून्य सावली कधी आणि कशी दाखवायची?
पणजीचा अक्षांश साधारण 15.5° उत्तर. त्यामुळे 2 मेच्या आसपास दुपारी 12:32 च्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते, हीच शून्य सावली. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात एक-दोन दिवस आधी. ऑगस्टमध्ये 10 च्या सुमाराला पुन्हा येतो, पण त्या पावसात भरवसा नको.

30 सेंमी पीव्हीसी पाइप पुरे. घोळ होतो तो उभा करताना: 1° जरी कलला तरी 5 मिमी सावली उरते, आणि मुलं म्हणणारच, ‘टीचर, गेलीच नाही!’ अंगणात फरशीला पाण्यासाठी उतार असतो, तिथे नको. टेबल स्पिरिट लेव्हलने समतल करा, पाइप ओळंब्याने तपासा. 12:15 पासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक कागदावर खुणवा. बाराला आवरू नका, भारताची घड्याळं ज्यावर चालतात त्या 82.5° रेखांशाच्या गोवा बराच पश्चिमेला, म्हणून हा अर्धा तास उशीर.