काळा धूर आणि डिझेल: आधी एअर क्लीनर बघ

भावा, छोट्या ट्रॅक्टरचा धूर काळा येतोय आणि डिझेल जास्त जातंय म्हणून लगेच इंजिनाचा डिझेल पंप खोलू नकोस. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. बहुतेक वेळा एक तर हवा कमी पडतेय, नाहीतर लोड जास्त होतोय. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबागेच्या ओळीतून रोटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) मारताना धूळ किती उडते, बघतोसच. इंजिन बंद करून एअर क्लीनर, म्हणजे इंजिनाची हवा गाळणारा डबा, उघड. ऑइल बाथ, म्हणजे तेलाच्या वाटीत धूळ अडकवणारा प्रकार, असेल तर खालची वाटी काढून तळाशी बोट फिरव. चिखलासारखा गाळ हाताला लागला तर ते तेल काढून टाक, जाळी डिझेलने धू, नीट निथळू दे आणि नवीन तेल खुणेपर्यंतच भर. खुणेच्या वर भरलंस तर इंजिन ते तेल ओढून घेतं. कागदी फिल्टर असेल तर धुवायचा नाही, बदलायचा.

तरी धूर राहिला तर रोटर थोडा वर घे, गियर एक खाली. नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, त्यानंतर तपास. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तिथं मिस्त्रीच लागतो. पहाटे गार इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळात थांबत असेल तर काळजी नको.

डिझेलचा हिशेब मात्र अंदाजाने करू नकोस, पोरा. सपाट जागी टाकी काठोकाठ भर, एक एकर काम कर, त्याच जागी उभा करून पुन्हा काठोकाठ भर. जेवढं बसलं तेवढं लागलं. ब्लोअरला (बागेत औषध फवारायचं यंत्र) पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, मिनिटाला 540 फेऱ्यांवर येईल एवढीच रेस ठेव, आणि मोकळी ट्रॉली नेताना वरच्या गियरला कमी रेसवर चालव.