बॅटरी मेली म्हणजे सेट मेला असं नाही (आणि जुना पॅक कुणाला देऊ नका)

तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं उफाळून आलं. तुमचा वर्षानुवर्षं कपाटात पडलेला हँडी (हातात धरून बोलायचा हॅम रेडिओ सेट), चार्जरवर लाल दिवा लागतो पण सेट चालू होत नाही, बाहेरून अडॅप्टर जोडला की डिस्प्ले येतो, पीटीटी (बोलायचं बटण) दाबली की सगळं गुल. आणि दुरुस्तीवाले म्हणतायत, 'बॅटरीसकट जमा करा, बघू.' सेट जमा करायचाच असेल तर खुशाल करा. जुना बॅटरी पॅक मात्र स्वतःजवळ ठेवा.

मी हे पोटतिडकीने सांगतोय त्याला कारण आहे. माझा सेट असाच एका सेवाकेंद्रात दिला होता. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. काउंटरवरच्या माणसाने पॅक लावला, बटण फिरवलं, काही झालं नाही, आणि सेट न उघडताच पावतीवर 'मेन बोर्ड खराब' लिहून मोकळा झाला. पुढे फोन केला की 'पार्ट मागवलाय' हे उत्तर ठरलेलं. कोणता पार्ट, ते कुणालाच माहीत नाही. शेवटी वैतागून सेट परत मागितला, तर सेट मिळाला, पॅक नाही. 'मेलेलाच होता ना, टाकून दिला.' वर तपासणीचे पैसे!

घरी सेट उघडला तर बोर्ड ठणठणीत. दोष होता बाहेरून डीसी द्यायच्या जॅकमध्ये. बऱ्याच जुन्या हँडींत या जॅकच्या आत पितळेची एक बारीक पट्टी असते. पिन आत घातली की ती उचलली जाते आणि पॅकची लाइन तुटते, पिन काढली की परत टेकते. वर्षानुवर्षं न वापरल्यावर त्या टोकावर काळसर थर बसतो, पट्टी टेकते पण करंट जात नाही. म्हणजे पॅक चांगला असला तरी सेट बंद, आणि अडॅप्टर लावला की चालू. मल्टिमीटर लावून पॅकच्या स्प्रिंगपासून जॅकच्या पलीकडच्या टोकापर्यंत कंटिन्युइटी (लाइन जोडलेली आहे का) बघितली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. थोडं कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन काही वेळा आत-बाहेर केली आणि पट्टी सुधारली.

पण पॅक गेला तो गेलाच. त्या मॉडेलचे पॅक बनणं कधीच थांबलेलं. मरतात ते आतले सेल, ते बदलता येतात. कवच, त्याची खाच, सेटला टेकणारे कॉन्टॅक्ट, आतला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) किंवा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की लाइन तोडणारा), हे सगळं मात्र त्या कवचासोबतच येतं. आता माझा हँडी वायरने टेबलाला बांधलाय, खुंटीला बांधलेल्या गाईसारखा.

असो. तुमच्या सेटकडे वळू. पीटीटी दाबल्यावर बंद पडतो यात मला तरी सेटचा दोष दिसत नाही (लांबून सांगतोय, चुकूही शकतो). नुसतं ऐकताना असा सेट साधारण १००-२०० मिलिअँपिअर घेतो, ५ वॉटवर बोलताना दीड अँपिअरच्या आसपास. लहान अडॅप्टरचं व्होल्टेज तिथे कोसळतं आणि सेट रिसेट होतो. किमान २ अँपिअरचा रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) सप्लाय घ्या. जुने जड ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर नकोत. वर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि लोड नसताना १३ च्या पुढे दाखवतात. व्होल्टेज किती द्यायचं ते पॅकवरून नाही, सेटच्या मॅन्युअलवरून ठरवा. यासूच्या एफटी-२३आर ला ७.२ व्होल्टचा एफएनबी-१० आणि १२ व्होल्टचा एफएनबी-११ हे दोन्ही पॅक चालायचे. सगळ्याच सेटना असं चालत नाही. ध्रुवता (प्लस-मायनस) आधी मीटरने बघा, हे सांगायला नकोच.

आणखी एक. जॅक पॅकवर आहे की सेटवर, ते नीट बघा. पॅकवरचा जॅक बहुतेक वेळा फक्त चार्जिंगचा असतो, मध्ये डायोड आणि रेझिस्टर असतात. तिथून सेट चालवायला जाऊ नका. आणि सेटच्या जॅकमधून वीज देताना मेलेला पॅक काढून ठेवा. काही सेट त्याच वेळी पॅकही चार्ज करायला बघतात, आणि आत शॉर्ट झालेला सेल असेल तर पॅक तापतो.

निकेल-कॅडमियम पॅकला जास्त करंटचा 'झटका' देऊन जिवंत करायची युक्ती कुणीतरी सुचवेलच. सेल थोडे दिवस उठतो, परत झोपतो. मी तरी वेळ घालवणार नाही. त्यापेक्षा क्षमतेच्या दहाव्या भागाने, म्हणजे ६०० मिलिअँपिअर-अवरच्या पॅकला ६० मिलिअँपिअरने, १४-१६ तास लावून बघा. तरीही ७.२ ऐवजी सहाच्या आसपास अडकला तर एखादा सेल शॉर्ट आहे समजा. लिथियमचा पॅक असेल आणि बरीच वर्षं शून्याला पडून असेल, तर हा प्रयोगसुद्धा नको.

सेल बदलताना पट्ट्या आधीच वेल्ड केलेले घ्या. सेलच्या तोंडावर थेट सोल्डर केलंत तर उष्णतेने आतलं सील जातं. निकेल-मेटल हायड्राइड घातले तर जुना मंद चार्जर चालतो, फक्त वेळ जास्त लागतो. जलद चार्जरला मात्र ते कधी भरले हे कळेलच असं नाही. आणि निकेलच्या कवचात लिथियम सेल कोंबून जुन्याच चार्जरवर ठेवायचं, हे व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी करू नका. त्या चार्जरला सेलमागे ४.२ व्होल्टला थांबायचं असतं हे माहीतच नसतं.

पॅकमध्ये पांढरी-हिरवट पूड दिसली तर हातमोजे घाला. तो क्षार अल्कधर्मी असतो, व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. काढलेले कॅडमियमचे सेल कचऱ्यात नकोत, ई-कचऱ्यात द्या.

नुसता सेट चालतो का एवढंच बघायचं असेल तर पेन्सिल सेलचं कवच शोधा. आयकॉमच्या आयसी-२एटीसाठी बीपी-४ असंच होतं, सहा सेलचं. अल्कलाइन सेलवर फक्त लो पॉवर वापरा. मोबाइल चार्जरच्या जातीच्या अडॅप्टरवर सेट खरखरला तर वायरवर फेराइट (खरखर अडवणारं कडं) लावून बघा. पीटीटी दाबण्याआधी अँटेना किंवा डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाच्या जागी लावायचा भार) लावा, आणि परवाना असेल तरच दाबा.

सेटचं मॉडेल आणि पॅकवरचा नंबर सांगा, जॅकचा फोटो टाका. आणि तोपर्यंत तो पॅक कुणाच्या हातात देऊ नका.